बावीस जर्सी आणि राग्लनचं ऊन

मे २००७, दुसरा शुक्रवार. हॅमिल्टन ते राग्लन.

हजर: कॅनडाहून आलेल्या विद्यापीठाच्या रग्बी संघातल्या बावीस मुली. त्यांची कोच. माझा नवरा, रजा टाकून. माझी लेक, शाळा बुडवून. माझी डॉक्टर मैत्रीण, हॉस्पिटलची नाइट संपवून थेट, डोळे चोळत. आणि मी.

सामान: बावीस जर्सी, मुळात पांढऱ्या, सध्या पिवळ्या. नायलॉनची दोरी. दोन पिशव्या भरून चिमटे. एक बादली, लिंबं, तिखटमिठाच्या पुऱ्या, चहाचे थर्मास.

गैरहजर: ऊन.

कुठलीही गोष्ट सांगायची तर मी अशीच सुरू करते. आधी कोण कोण होतं आणि काय काय होतं ते, मग काय झालं ते. नवरा म्हणतो, तू लग्नाच्या बोहल्यावरसुद्धा हजेरी घेतली असतीस. घेतली होती. मामा उशिरा आले होते.

मी तेव्हा इथे हॅमिल्टनमध्ये, कॅनडाच्या पार उलट्या, दक्षिणेकडच्या टोकाला, एका इन्स्टिट्यूटच्या ऑफिसात टाइमटेबलं लावायचे. आमच्या मुलींच्या रग्बी संघाशी खेळायला कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक विद्यापीठ येणार असं ठरलं आणि पाहुण्या मुलींची घरोघर सोय करायचं काम माझ्याकडे आलं. इथली पद्धत अशी, की दौऱ्यावरचा संघ हॉटेलात उतरत नाही. यजमान संघाच्या ओळखीतली घरं दोन-दोन, तीन-तीन खेळाडू वाटून घेतात. त्यांना जेवू घालायचं, झोपायला गादी द्यायची, सकाळी मैदानावर सोडायचं. मी दहा घरं मिळवली. त्यातलं एक आमचं. आमच्याकडे त्यांची कॅप्टन आली आणि तिच्यासोबत एक प्रचंड मुलगी, जी स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ डोकी खुपसून एकमेकांना रेटतात त्यात, पहिल्या ओळीत असायची. दारातून आत येताना ती सवयीने वाकली.

विद्यापीठ केवढं असेल याची मला कल्पना नव्हती. कॅप्टनने पहिल्याच जेवणाला सांगितलं, आणि मी वाढता वाढता थांबले. पुण्यातल्या माझ्या शाळेत त्याहून जास्त मुली होत्या.

"मग संघ कसे करता तुम्ही?" मी विचारलं.

"सगळ्या सगळ्यात असतात, काकू." माझ्या लेकीने त्यांना आल्या आल्या 'काकू' शिकवलं होतं. "ही रग्बीत आहे, बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर आहे, आणि बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. एकदा हॉकीची मॅच आणि बँडचा कार्यक्रम एकाच वेळी आला. तिने पॅड बांधूनच वाजवलं."

"चांगलं वाजवलं," प्रचंड मुलगी भात कालवत म्हणाली.

"बसून वाजवलं. उठताच येत नव्हतं तिला."

त्यांची कोच मुळात भूगर्भशास्त्र शिकवायची. शिवाय बस चालवायची. बास्केटबॉलचा संघ आणि गायनाचा वृंद एकाच बसने जायचे, म्हणून बास्केटबॉलवाल्यांना सगळी भजनं पाठ होती. मैदानावर बर्फ साचला की दोन्ही संघ फावडी घेऊन उतरायचे, आणि नाणेफेक हरेल त्याने गोलाजवळचा भाग साफ करायचा. प्रेक्षक म्हणून गावातले लोक यायचे, गळ्यातल्या घंटा काढून आणायचे.

"कुणाच्या गळ्यातल्या?" नवऱ्याने विचारलं.

"गाईंच्या," कॅप्टन म्हणाली. "गाई रागावत नाहीत."

आणि जर्सींचा एकच सेट होता. पांढरा, जाड सुती, कॉलरवाला, पाठीवर हिरवे आकडे. शनिवारी तो मुलींच्या रग्बीचा, रविवारी मुलींच्या फुटबॉलचा. मधल्या वेळात कपडे धुण्याचं मशिन. हे ऐकून मला त्या विद्यापीठाबद्दल एकदम आपुलकी वाटली. काटकसरीने चालवलेलं घर मला लगेच ओळखू येतं.

"जर्सी कुणाची नसते," कॅप्टनने समजावलं. "तुमचा नंबर असेपर्यंत तुम्ही घालायची. शिक्षण संपलं की पिशवीत ठेवून जायचं. कुणालाच घरी नेता येत नाही. कोचलासुद्धा नाही." तिचा नंबर आठ. चार वर्षं तिने तो घातला होता. दौऱ्याची शेवटची मॅच शनिवारी आमच्या संघाशी होती, आणि ती तिची शेवटचीच. जूनमध्ये तिचं लग्न होतं. नवरा उत्तरेला कुठल्या तरी छोट्या विमानतळावर नोकरीला लागला होता. तिथे रग्बीचा संघ नव्हता. "तिथे झाडंसुद्धा फारशी नाहीत," ती म्हणाली. हे तिने हसत सांगितलं, पण शनिवारचा विषय निघाला की ती अंगातल्या कॉलरची कड बोटांनी सरळ करायची.

लग्नाचा विषय निघाला म्हणून माझ्या लेकीने आमचा अल्बम काढला. आता अल्बम कुणी काढला की मी स्वयंपाकघरात निघून जाते. पण हाक आलीच.

"काकू, या फोटोत तुम्ही चिखलात का बसलाय?"

"चिखल नाही तो. हळद आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी लावतात."

ती फोटोकडे बघतच राहिली. मी पाटावर, केसांतून नाकापर्यंत पिवळी, आणि मागे माझ्या तीन मावश्या हात वर करून.

"मला पण पाहिजे," ती म्हणाली.

आखण्यासारखं काम मिळालं की मी थांबत नाही. गुरुवारी त्यांना सुट्टी होती. मी डॉक्टर मैत्रिणीला फोन केला. ती मूळची दादरची. हॅमिल्टनमध्ये मुहूर्त, नैवेद्य आणि रक्तदाब या तिन्ही बाबतींत सगळे तिलाच विचारतात.

"हळद? आणि उष्टी हळद कुठून आणणार?" तिने पहिला प्रश्न टाकला. "नवऱ्याला लागलेली आधी यायला पाहिजे. तशी कशी लावणार?"

"नवरा कॅनडात आहे."

"मग कॅनडातून आण."

आणली. गुरुवारी दुपारी आमच्या बैठकीत कॉम्प्युटर लावला. तिथे अजून बुधवारची रात्र होती, जेवण नुकतंच आटोपलं होतं. पडद्यावर एक लाजरा, लाल दाढीवाला मुलगा आणि त्याच्या शेजारी त्याची आई, हातात मसाल्याची छोटी बाटली घेऊन. तिने ती किती वर्षांनी उघडली असेल कोण जाणे, झाकण फिरेना. शेवटी त्याने कपाळावर पिवळं बोट ओढलं आणि विचारलं, "बरोबर आहे का?"

मैत्रिणीने पडद्याजवळ जाऊन, चष्मा वर करून तपासलं. "चालेल," ती म्हणाली, आणि आमच्या वाटीतल्या हळदीला पडद्यासमोर धरून त्यातलं एक बोट पडद्याला टेकवून परत वाटीत बुडवलं. "झाली उष्टी."

आंब्याची पानं हॅमिल्टनमध्ये कुठून येणार? कुंपणावरच्या फिजोआची, म्हणजे इथल्या पेरूच्या चुलत झाडाची घेतली. पाट होता, रांगोळी होती, निरांजन होतं. बाकी सगळं मी लिहून टिपून तयार ठेवलं होतं. एक गोष्ट सोडून. हळदीला जुने कपडे घालून या, हे आमच्यापैकी कुणालाही सांगावंसं वाटलं नाही. आपल्याकडे ते कधी कुणाला सांगावं लागतं का?

आणि त्या कोचचा नियम होता. संघ म्हणून बोलावणं आलं, की संघाच्या जर्सीत जायचं.

दार उघडलं तर बावीस पांढऱ्याशुभ्र जर्सी ओळीने उभ्या. मी मैत्रिणीकडे पाहिलं.

"टिळ्यापुरती तर आहे," ती म्हणाली. "पानाने लावायची. पाय, गुडघे, खांदे, कपाळ. कपड्याला लागायचा प्रश्न नाही."

पहिल्या पाच जणींनी अगदी तशीच लावली. जीभ दाताखाली धरून, पान नाजूक पकडून. मग आली ती प्रचंड मुलगी. तिच्या पंज्यात फिजोआचं पान दिसेनाच. तिने पान बाजूला ठेवलं, वाटीत अख्खा हात घातला आणि कॅप्टनच्या दोन्ही गालांवर, मानेवर आणि छातीवर एकाच फटक्यात फिरवला.

मग कॅप्टनने पाटावरूनच तिच्या गुडघ्यांना मिठी मारून तिला खाली पाडलं.

त्यानंतरचं सगळं मला क्रमाने सांगता येत नाही, आणि मला सहसा क्रमाने सांगता येतं. आमचं मागचं अंगण पुरेसं मोठं आहे, एवढं बरं. हळदीची दोन मोठी पाकिटं मी कालवून ठेवली होती, कारण मला कमी पडलेलं आवडत नाही. कोच पायरीवर उभी राहून शिट्टी वाजवत होती. ती थांबवण्यासाठी होती की सुरू करण्यासाठी, ते कळत नव्हतं. माझी मैत्रीण, जिच्यासमोर हॉस्पिटलात नवे डॉक्टर सरळ उभे राहतात, ती पदर खोचून रांगोळीवर उडी मारून पळाली, आणि तीन जणींनी तिला कपड्यांच्या दोरीखाली गाठलं.

माझी लेक शाळेतून आली ती गेटातच थांबली.

"आई," ती म्हणाली, "व्हॉट द हेक."

"चपला काढून ये," मी म्हणाले. माझ्या कानातसुद्धा हळद होती.

सगळ्यांना अंघोळी घातल्या. बावीस जणींना घालायला घरातले कपडे दिले. नवऱ्याचे कुर्ते, माझे पंजाबी ड्रेस, लेकीचे पीटीचे शर्ट. जर्सींचा ढीग लाँड्रीत टाकला. हळदीचं काय करायचं ते मला पाठ होतं. साबण लावायचा नाही, गार पाण्यातून काढायचे आणि कडक उन्हात टाकायचे. ऊन हळद खातं. मग मी मुलींना त्यांच्या त्यांच्या घरी सोडायला निघाले. कुर्त्यातल्या रग्बी खेळाडूंनी भरलेली गाडी घेऊन मी गावातून गेले तेव्हा कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने दुकानाबाहेर येऊन पाहिलं.

तेवढ्यात माझा नवरा कामावरून लवकर आला.

तो दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. स्वच्छतेबाबत कारखान्यात फार कडक नियम असतात. त्याने ढीग पाहिला, बायको दमलेली असणार असा विचार केला, आणि आयुष्यात क्वचित करतो ते केलं. मदत. गरम पाणी, भरपूर पावडर, वर धुण्याचा सोडा.

मी परत आले तेव्हा तो मशिनच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. हातातली जर्सी लालभडक होती. थेट कुंकवासारखी.

"अगं, हे इंटरेस्टिंग आहे," तो म्हणाला. "साबण अल्कली ना, त्यात हळद..."

"लेक्चर नंतर."

"पण आम्ल टाकलं तर परत पिवळी होईल. उलटं जाता येतं."

"व्हिनेगर वरच्या फळीवर आहे. सगळ्या बादल्या काढ."

कॅप्टन दारात उभी होती. अंगात माझा जांभळा पंजाबी ड्रेस, ओले केस. ढिगातून आठ नंबर शोधून काढला. तोच सगळ्यात जास्त माखलेला, म्हणून तोच सगळ्यात लाल. ती तो मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मी आयुष्यात पुष्कळ मुली रडताना पाहिल्या आहेत, परीक्षेच्या ऑफिसात तर रोजच. ही रडली नाही. नुसती आकड्याच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. ते बघणं अवघड होतं.

आमच्या संघाच्या मॅनेजरला मी फोन केला. ती भली बाई. म्हणाली, "कमॉन, काही बिघडत नाही. आमचा जुना नारिंगी सेट आहे, तो घाला. स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या भाषेत 'झकास'. अर्ध्या तासात पेटी घेऊन आलीसुद्धा. कोच म्हणाली, झालं, प्रश्न मिटला. प्रचंड मुलीने नारिंगी जर्सी अंगावर धरून पाहिली आणि आपण ट्रॅफिकचा खांब दिसतो असं जाहीर केलं.

कॅप्टनने पण एक घातली. छातीवर आमच्या इन्स्टिट्यूटचं चिन्ह. ती आरशासमोर उभी राहिली, "छान आहे," म्हणाली, आणि काढून नीट घडी घालून ठेवली. मग लाल जर्सी उचलून मला विचारलं, "काकू, हिची हळद कशाने पण जाणार नाही का? शेवटची मॅच हिच्यात खेळायची होती. बाकी काही नाही."

"ऊन पाहिजे," मी म्हणाले. "एक अख्खा दिवस. स्वच्छ."

शुक्रवारी सकाळी खिडकीबाहेर शेजाऱ्याचं घर नव्हतं. कुंपण नव्हतं. मे महिन्यातलं हॅमिल्टन, म्हणजे इथे हिवाळ्याचं तोंड, नदीवरून उठलेलं धुकं, दुपारपर्यंत हलायचं नाव नाही. व्हिनेगरने जर्सी लालच्या परत पिवळ्या झाल्या होत्या, ढोकळ्यासारख्या, आणि दोरीवर टपटप गळत होत्या. मैत्रिणीचा हॉस्पिटलातून फोन आला.

"उन्हात टाकलंस का गं? संध्याकाळपर्यंत साफ होईल."

"ऊन आणू कुठून? नवरदेवाच्या आईला पडद्यावर बोलावू?"

ती हसली, मग थांबली. "राग्लनला जा. डोंगर ओलांडला की धुकं संपतं. समुद्रावर चकचकीत असेल."

"मॅच उद्या दोनला आहे."

"मग आत्ता निघा. थांब, मी पण येते. ही हळद माझ्या उष्टीची आहे, जबाबदारी आहे माझी."

मी हजेरी घेतली आणि आम्ही निघालो. त्यांची बस पुढे, आमची गाडी मागे. दिवे लावून, धुक्यात बसचे मागचे दोन लाल ठिपके धरून. चढ सुरू झाला तरी तेच. नवरा म्हणत होता, "तिथे पण असंच असेल तर?" मी म्हणाले, "तर पुऱ्या खाऊन परत येऊ." पण मागच्या सीटवर कॅप्टन मांडीवर आठ नंबरची पिशवी घेऊन बसली होती, म्हणून मी नुसती काच पुसत राहिले.

माथ्यावर एका वळणाला धुकं संपलं. हळूहळू नाही. एकदम. पुढे निळं आकाश आणि हिरव्या उतारांवर मेंढ्या, आणि समोर बसमधून एकवीस जणींची आरोळी, बंद काचांतून ऐकू आली.

किनाऱ्यावर काळी वाळू, कोवळं पण लख्ख ऊन आणि कानठळ्या बसवणारा वारा. बसच्या आरशापासून गाडीच्या टपापर्यंत दोरी बांधली. सहा जर्सी लावल्या तोवर पहिली उडाली. दोन मुली तिच्यामागे वाळूतून धावल्या आणि एकीने सूर मारून पकडली. चिमटे कुचकामी ठरले. आणि काळ्या वाळूवर तर पांढरं काही ठेवायची सोय नव्हती.

"हातात धरा," मी ओरडले. "प्रत्येकीने आपापली. हात लांब. सूर्याकडे!"

त्या उभ्या राहिल्या. किनाऱ्यावर एका ओळीत, थंडीने नाकं लाल, बावीस जणी हात पसरून, समोर आपापली जर्सी धरून. मी बादली घेऊन ओळीतून फिरत होते, लिंबाचं पाणी शिंपडत, कारण ओल्या कापडावरची हळद लवकर उडते. कोच म्हणाली, खांद्यांना याहून चांगला व्यायाम तिने आजवर दिला नव्हता. दर थोड्या वेळाने मी "पलटा!" म्हणायचे आणि बावीसच्या बावीस जर्सी एकदम फिरायच्या. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्यांनी त्याला चाल लावली. भजनाची होती. बास्केटबॉलवाल्या होत्याच त्यांच्यात.

दोन सर्फर पाण्यातून आले. एकाने बराच वेळ पाहिलं.

"काय चाललंय?" त्याने माझ्या लेकीला विचारलं.

"लाँड्री," ती म्हणाली.

त्याने विचार केला. "ड्रायर खराब आहे का?"

माझा नवरा पुढे सरसावला. अल्कली, आम्ल आणि अतिनील किरण, असं सगळं त्याने त्या ओल्या, कुडकुडणाऱ्या माणसाला समजावून सांगितलं. ऐकून झाल्यावर सर्फर म्हणाला, "मग मी पण एक धरू का?" प्रचंड मुलगी पुरी खायला बसली होती, तिची त्याच्या हातात दिली. तो चांगला धरत होता. कोपर वाकवत नव्हता.

आणि हळद उडायला लागली. आधी कळत नाही. मग बाहीकडे बघावं तर ती सायीसारखी झालेली असते, आणि थोड्या वेळाने पुन्हा बघावं तर पांढरी. एकेक मुलगी ओरडायची, "गेली! काकू, माझी गेली!" मी जाऊन तपासायचे, काख बघायचे, कॉलर उलटा करायचे, आणि पास करायचे. पास झाली की ती घडी घालून पिशवीत. मैत्रीण तोवर गाडीत झोपली होती, तोंड उघडं टाकून, आणि तिच्या हनुवटीखाली गुरुवारची हळद अजून होती.

सूर्य उतरायला लागला तेव्हा किनाऱ्यावर एकच जर्सी उरली होती. आठ नंबर. पाठ पांढरी झाली होती, बाह्या पांढऱ्या. छातीवर मात्र, जिथे तो पहिला पंजा फिरला होता, तिथे पिवळा पट्टा तसाच. बाकीच्या मुली आता मोकळ्या होत्या. त्या येऊन तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. प्रचंड मुलीने एक बाही धरली. "माझाच हात आहे तो," ती म्हणाली. "माझा हात सहजासहजी जात नाही."

मी आणखी लिंबू पिळलं. ऊन पाण्यापर्यंत खाली आलं, केशरी झालं, आणि मग त्यात कुठलीही हळद खायची ताकद उरली नाही.

"राहू दे, काकू," कॅप्टन म्हणाली. तिने जर्सी लांब धरून पाहिली. "आकडा पांढऱ्यावर आहे, चिन्ह दिसतंय. माझीच आहे."

"रेफरी चालवेल का?"

"ते उद्या."

शनिवारी दुपारी रेफरी, गावातला एक मेंढपाळ, तिच्यासमोर थांबला. एकवीस पांढऱ्या आणि एक अर्धी पिवळी.

"हिचा रंग वेगळा का?"

"लग्न आहे तिचं," कोच म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या छातीकडच्या पट्ट्याकडे पाहिलं, "अभिनंदन," म्हणाला आणि शिट्टी वाजवली.

त्या हरल्या. चांगल्याच हरल्या. आमच्या मुली घरच्या चिखलात खेळत होत्या, आणि पहिल्या काही मिनिटांतच पांढरं, पिवळं, काळं सगळं एका रंगाचं झालं. पण शेवटाकडे स्क्रमच्या मागून आठ नंबरने चेंडू उचलला आणि ती निघाली. दोन जणी तिच्या पाठीवर होत्या, एक कमरेला. ती तिघींना ओढत रेषेपलीकडे पडली. माझी मैत्रीण माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. माझा नवरा, ज्याला रग्बी कधीच कळलं नाही, तो विचारत होता, "झालं ना? हे धरतात ना?" आणि माझी लेक, जी माझ्याशी मराठी बोलत नाही, ती मैदानाच्या कडेला उड्या मारत ओरडत होती, "चल, चल, चल, चल!"

त्या संध्याकाळी चिखल मी स्वतः काढला. नवऱ्याला लाँड्रीच्या दारापर्यंत यायला परवानगी होती, आत नाही. रविवारी निघायच्या आधी आमच्या बैठकीत कोचने पिशवी भरली. एक ते बावीस, मोठ्याने मोजत. आठला ती थांबली. जर्सी खिडकीच्या उजेडात धरली. पट्टा होता.

"ही परत नेली तर फुटबॉलची कोच मला घरात घेणार नाही," ती म्हणाली.

"ती कोण?" मी विचारलं.

"माझी सासू."

मग तिने जर्सीची घडी घातली. पिशवीत ठेवली नाही. कॅप्टनच्या अंगावर फेकली. "डागी माल आहे. सेटमध्ये चालत नाही. घेऊन जा घरी."

कॅप्टनने झेलली. चार वर्षांत कुणालाच न मिळालेली गोष्ट तिच्या हातात होती. प्रचंड मुलगी म्हणाली, "माझे आभार मान," आणि यावेळी आमच्या बैठकीत, सेंटर टेबलावरून, कॅप्टनने तिला पाडलं. टेबल अजून थोडं हलतं.

कोच माझ्याकडे वळली. "आता सेटमध्ये आठ नाही, बॉस. ते तुझ्याकडे."

"होईल," मी म्हणाले, आणि सात नंबर मागून घेऊन त्याची मापं उतरवली.

जूनमध्ये कॅप्टनचा फोटो आला. पांढरा पायघोळ झगा, शेजारी लाल दाढी, आणि दाढीच्या वर कपाळावर एक पिवळं बोट. माझ्या नवऱ्याचे दोन कुर्ते कॅनडात आहेत, त्यांचं मी सोडून दिलंय.

जर्सीचं मात्र सोडलेलं नाही. जाड सुती कापड आणलं, धुऊन आटवून घेतलं, बेतलं, बाह्या जोडल्या, कॉलर बसवला. कॉलर चांगला बसलाय. हिरवा आकडा कापून पाठीवर टाचण्यांनी लावून ठेवला, तो थोडा डावीकडे आहे, म्हणून उसवून परत लावायचा. दर वर्षी त्या विद्यापीठाच्या मुलींच्या दोन्ही संघांचे फोटो मी कॉम्प्युटरवर उघडून बघते. पहिल्या ओळीत सात नंबर बसलेली असते, आणि तिच्या शेजारी नऊ.

आकडा शिवायचा राहिलाय.